चोरीचा माड

गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेलच. म्यूनिकच्या पूर्वेला एस-बानने पाऊण तास, आणि तिथून पुढे लहर लागली की येणारी बस, एवढ्यावर भागवून घ्या. कांद्याच्या आकाराचा घुमट असलेलं चर्च, अग्निशामक दलाचं गॅरेज, एक बेकरी, दोन खानावळी (त्यातली एक कायमची बंद) आणि चहूकडे मका नाहीतर गवत. २०१६ साली आम्ही इथे राहायला आलो ते म्यूनिकमधलं घरभाडं झेपेना म्हणून. निसर्गाची ओढ वगैरे काही नव्हती. मी राजापूर तालुक्यातली, निसर्ग मी पोटभर पाहिलेला आहे. नवरा सदाशिव पेठेतला, त्याला त्याची गरजच नाही.

पहिल्या वर्षी आम्ही गावातला एकही उत्सव सोडला नाही आणि एकाही उत्सवात नव्हतो. म्हणजे कडेला उभे असायचो. मेच्या अखेरीस फ्रोनलाइखनाम या सणाची मिरवणूक निघाली. रस्त्याच्या दुतर्फा बर्चच्या कोवळ्या फांद्या रोवलेल्या, चर्चसमोर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे, छताखाली चालणारे पाद्रीबाबा आणि मागे बँड. मला आमच्या पालखीची आठवण झाली. मी फोटो काढले, कोकणातल्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि घरी येऊन वरणभात लावला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी किर्ता, म्हणजे चर्चच्या वर्धापनाची जत्रा. त्या दिवशी एका शेतकऱ्याच्या कोठारात लांबलचक ओंडका साखळ्यांनी टांगतात आणि त्यावर दहा-बारा जण ओळीने बसून झोके घेतात. तेलात तळलेल्या, मध्ये पापडासारख्या पातळ आणि कडेला फुगलेल्या गोड पुऱ्या खातात. नोव्हेंबरात संत लिओनार्डच्या नावाने घोडे सजवून चर्चभोवती फिरवतात आणि त्यांना आशीर्वाद मिळतो. आपला पोळा बैलांचा, यांचा घोड्यांचा. सगळं बघितलं. लोक हसून ‘ग्र्यूस गॉट’ म्हणत, आम्हीही म्हणत असू, आणि तिथे गाडं अडे.

ऑक्टोबरफेस्टबद्दल विचाराल, तर तोही पाहिला. १८१० साली युवराज लुडविगच्या लग्नानिमित्त म्यूनिकच्या वेशीबाहेर घोड्यांच्या शर्यती झाल्या, त्यातून सुरू झालेला तो सोहळा. आमच्या गावचे लोक त्याच्याकडे गिरगावातला माणूस लालबागच्या राजाकडे बघतो तसे बघतात. पाहुणे आले की दाखवून आणायचा, आपला गणपती वेगळा.

मग आला २०१७चा मे महिना. १ मे म्हणजे आपल्याला महाराष्ट्र दिन, जर्मनीत कामगार दिनाची सुट्टी, आणि बव्हेरियाच्या गावांत माइबाउमचा दिवस. ‘बाउम’ म्हणजे झाड. पोस्टकार्डांवर दिसतो तो निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उंच खांब, म्यूनिकच्या विक्टुअलिएनमार्क्टमध्ये पर्यटक ज्याच्याखाली बिअर पितात, तोच. मला वाटलं होतं, तो नगरपालिकेने बसवलेला दिव्याच्या खांबासारखा काहीतरी असणार.

सकाळी दहाला चौकात गेले आणि पाय जमिनीला खिळले. तीस मीटरचा सोललेला, रंगवलेला स्प्रूसचा सोट आडवा पडलेला. बुंधा खड्ड्याशी, शेंड्याला हिरवी फांदी तशीच राखलेली आणि हार घातलेला. भोवती पन्नास-साठ पुरुष, चामड्याच्या अर्ध्या विजारीत, हातात लांब लांब वासे. दोन दोन वासे टोकाला दोरखंडाने बांधून केलेल्या कैच्या. एक जण कमरेवर हात ठेवून मधोमध उभा, बाकी सगळे त्याच्या तोंडाकडे बघताहेत. त्याने आरोळी दिली, “हाऊ… रुक!” सगळ्यांनी कैच्या रेटल्या आणि सोट अर्धा हात वर गेला.

हे मी पाहिलेलं होतं. सातवी-आठवीत असताना, फाल्गुन पौर्णिमेला, मांडावर. आमच्या गावात होळीसाठी कधी माड, कधी आंबा, कधी पोफळ तोडतात. ते झाड जमिनीला टेकू न देता खांद्यांवरून, ढोलाच्या तालावर नाचवत आणायचं आणि असंच वाशांच्या कैच्या लावून, दोरांनी ताणून, ओरडाआरडा करत उभं करायचं. हातांनीच. काकांचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आणि आम्ही पोरी देवळाच्या पायरीवर उभ्या राहून, कोसळेल की काय या भीतीने एकमेकींचे हात धरलेले. इथे ढोलाच्या जागी पितळी बँड आणि पायरीच्या जागी बेकरीचा ओटा. कैची मात्र तीच.

त्या रात्री काकांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

“अगो, शिमगाच की तो! फाका मारतात का?”

फाका नाही मारत, म्हटलं, पण बिअर पितात.

“मग चालेल,” काका म्हणाले.

क्रेन लावली तर वीस मिनिटांचं काम. आसपासच्या काही गावांत आता क्रेनच लावतात, सुरक्षेचे नियम आहेत, विम्याची भानगड आहे. आमच्या गावाला त्यांचा उल्लेख केलेलाही खपत नाही. हातांनी दोन-तीन तास लागतात. अर्धा हात वर, मग थांबायचं. लांब कैच्या बुंध्याकडे सरकवायच्या, आखूड कैच्या काढून त्यांच्या जागी लांब लावायच्या, बँडने एक धून वाजवायची, सगळ्यांनी घोट घ्यायचा, मग पुन्हा आरोळी. सोट साधारण पंचेचाळीस अंशांवर आला की चौक गप्प होतो. तिथे तो सगळ्यात जड लागतो म्हणे. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजीबाईंनी तेव्हा क्रॉसची खूण केली होती, आणि मीही मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं. झाड परकं असलं तरी खाली उभी असलेली माणसं कुणाची तरी होतीच ना.

उभा राहिल्यावर दोन्ही बाजूंना पाट्या दिसतात. बेकरी, सुतार, लोहार, अग्निशामक दल, बँड, शेतकरी. गावातल्या धंद्यांची आणि मंडळांची चित्रं. लोहार आता गावात नाही, पाटी आहे. असा एक सोट गावात चार-पाच वर्षं टिकतो. मग लाकूड कुजायला लागतं, तो उतरवून कापतात, तुकडे लिलावात विकतात आणि नवीन झाड निवडतात. म्हणजे आमच्या गावचा पुढचा मुहूर्त २०२२चा.

आता चोरीकडे येते.

होळीची लाकडं चोरून आणायची असतात, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. शिमग्याच्या दिवसांत आमची आजी फणसाचा पाट उशाशी घेऊन झोपत असे, कारण एका वर्षी पोरांनी मागीलदारच्या गडग्यावरची बेडीच उचलून नेली होती आणि आजोबांनी दुसऱ्या दिवशी तिची राख कपाळाला लावली होती. त्याला चोरी म्हणत नाहीत, आणि ज्याचं गेलं त्याने रागवायचं नाही. बव्हेरियातही हाच कायदा, फक्त जर्मन असल्यामुळे तो जास्त तपशीलवार आहे. रानातून झाड पळवलं तर ती खरी चोरी. ते गावाच्या हद्दीत आलं, पण अजून उभं केलेलं नाही, एवढ्या अवधीतच शेजारच्या गावाने ते पळवायचं. मारामारी करायची नाही, झाडाला इजा करायची नाही, करवत तर लावायचीच नाही. राखणदाराने चोर पाहिले आणि सोटावर हात ठेवला की संपलं, झाड सोडून मुकाट्याने निघायचं. पण एकदा का ते वेशीच्या पाटीबाहेर गेलं, की परत मिळवायला खंडणी. खंडणी म्हणजे बिअर आणि जेवण. पोलिसांना बोलवायचं नाही. आणि खंडणी द्यायला कोणी नकार दिलाच, तर चोर ते झाड आपल्या गावात उभं करून त्यावर तुमच्या अब्रूची पाटी लावतात. २००४ साली तर जर्मनीचं सर्वांत उंच शिखर, त्सुगश्पित्से, तिथला वीस मीटरचा माइबाउम चक्क हेलिकॉप्टरने उचलून खाली नेला होता. त्यामुळे रात्रीचा पहारा हा पोरखेळ नसतो.

पहारा असतो गावच्या बुर्शनफेराइनकडे. हे अविवाहित तरुणांचं मंडळ. लग्न झालं की सभासदत्व जातं, निदान जुना नियम तसा आहे. २०२२ साली मंडळाची पंचाईत झाली. मधली दोन वर्षं करोनाने खाल्लेली. त्या दोन वर्षांत ऑक्टोबरफेस्टसुद्धा झाला नव्हता, मग आमच्या गावाचं काय घेऊन बसलात. बरीच पोरं शिकायला बाहेर, काहींची लग्नं उरकलेली. शेवटी अध्यक्ष, पंचविशीतला सुतार, घरोघरी यादी घेऊन फिरू लागला. विवाहित, म्हातारे, नव्याने आलेले, कोणीही चालेल, पण रात्री जागणारा हवा. आमचं दार वाजलं तेव्हा नवरा अमेरिकेतल्या टीमबरोबर मीटिंगमध्ये होता. रात्रीचे साडेदहा. अध्यक्षाने त्याच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि यादीत नाव घातलं.

दुसरी यादी माझ्यापाशी आली, केकची. इथल्या कुठल्याही उत्सवात केक विकत आणत नाहीत. बायका (आणि हल्ली दोन-चार पुरुष) घरून करून आणतात, त्यांची विक्री होते आणि पैसे मंडळाला जातात. यादीत सफरचंद, चीज, खसखस, चेरी असं सगळं भरलेलं. मी लिहिलं, ‘कोकोस’. रवा, ओलं खोबरं नाही म्हणून सुकं, वेलची, वर तूप. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, “तिखट नाही ना?” तसं बघितलं तर झाड पुरुषांनी उभं करायचं आणि खायला बायकांनी करायचं, याबाबतीत राजापूर आणि बव्हेरिया यांच्यात काडीचा फरक नाही. मला याचा तेव्हाही राग आला आणि अजूनही येतो. काही गावांत आता मुलींचीही मंडळं निघाली आहेत. आमच्याकडे अजून नाही.

सोट ठेवला होता गावाच्या टोकाला एका शेतकऱ्याच्या कोठारात. बाहेर चाकांवरची जुनी खोली, तिच्यात शेगडी, पत्त्यांचा जोड आणि बिअरचे क्रेट. एप्रिलची तिसरी रात्र पहाऱ्याची, पहाटे दोन ते पाच. बाहेर तीन अंश. मी नवऱ्याला लोकरीची टोपी, दोन मोजे आणि थर्मास भरून आल्याचा चहा देऊन पाठवलं. जोडीला गावातलाच एक निवृत्त पोस्टमन होता. अडीचच्या सुमाराला तो खोलीत ‘पाच मिनिटं’ आडवा झाला.

पुढचं मी नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि गावातल्या प्रत्येकाच्या तोंडूनही. दर वेळी त्यात थोडी भर पडते, म्हणून मूळ तेवढंच सांगते. साडेतीनला एक ट्रॅक्टर आला, मागे ओंडके वाहायची लांब गाडी. आठ-दहा माणसं, दोघांच्या अंगात अग्निशामक दलाची जाकिटं. त्यांनी बव्हेरियन बोलीत काहीतरी सांगितलं. नवऱ्याचं जर्मन पुस्तकी, तेही पुण्याच्या माक्स म्युलर भवनात शिकलेलं. बोलीतलं त्याला निम्मं कळतं, आणि उरलेल्या निम्म्याला तो मान डोलावतो. त्याला एवढं उमगलं, की पावसाचा अंदाज आहे, कोठार गळतं, अध्यक्षांनी सोट दुसरीकडे हलवायला सांगितलंय. जाकीट बघून त्याने फाटक उघडलं. गाडी मागे घेताना ड्रायव्हरला अंदाज येईना, तेव्हा याने टॉर्च दाखवला. आणि एवढ्या थंडीत माणसं काम करताहेत म्हणून सगळ्यांना थर्मासमधला चहा दिला.

सदाशिव पेठेतल्या माणसाने पहाटे साडेतीनला आठ-दहा अनोळखी लोकांना आपण होऊन चहा पाजला, ही गोष्ट माझ्या सासूबाईंनी अजून खरी मानलेली नाही.

पाचला पुढची जोडी आली तेव्हा कोठार रिकामं, पोस्टमन घोरतोय आणि नवरा थर्मास विसळतोय. सातला अख्ख्या गावाला कळलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सहा वर्षं कडेला उभं राहून काढली, आणि पहिलं काम अंगावर घेतलं ते हे असं! बेकरीत पाव आणायला जायचीही हिंमत होईना. नवरा म्हणाला, आपण भरपाई देऊ. कसली भरपाई, म्हटलं, तीस मीटरच्या झाडाची?

आठ वाजता अध्यक्ष दारात. मागे चार पोरं. मी दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा लाल होता आणि मी माफीचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात लक्षात आलं, की तो रागाने नाही, हसू दाबून लाल झालाय. त्याला फक्त एकाच गोष्टीची खात्री करून घ्यायची होती. चहाचं खरं आहे का?

खरं आहे, म्हटलं. मग ते पाचही जण आमच्या पायरीवर बसून हसले. त्यातल्या एकाने नवऱ्याच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा चष्मा उतरला. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी आम्हाला ‘झी’ म्हटलं नाही. जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे आपण, ‘डू’ म्हणजे तू. सहा वर्षं आम्ही गावात ‘आपण’ होतो, सकाळी आठनंतर ‘तू’ झालो.

तह रविवारी झाला, चालू असलेल्या एकमेव खानावळीत. चोर अकरा किलोमीटरवरच्या गावाचे. अग्निशामक दलाची जाकिटं खरी होती, फक्त त्यांच्या गावची. शिष्टमंडळात अध्यक्ष, महापौर आणि ‘प्रमुख साक्षीदार’ म्हणून माझा नवरा. दोन तास घासाघीस चालली. यात तो तरबेज आहे, मंडईत वाढलाय. शंभर लिटर बिअरची मागणी त्याने साठवर आणली. डुकराचं भाजकं मांस आणि बटाट्याचे गोळे यांचं जेवण कबूल झालं. शेवटी चोरांनी एक जादा कलम घातलं, जे कमी करायला त्यांनी ठाम नकार दिला. आल्याचा चहा, दहा लिटर.

१ मेला चोरांनीच सोट परत आणला, तशी रीतच आहे. गाडीला हार, पुढे त्यांचा बँड, वेशीवर आमचा. दोन्ही बँड एकाच वेळी दोन वेगळ्या धुना वाजवत होते. मी बायकांबरोबर केकच्या टेबलामागे, बाजूला दोन मोठी पातेली आणि गाळणं. किलोभर आलं किसून बोटांची सालटी निघाली होती. चोरांच्या गावचे धिप्पाड शेतकरी रांगेत उभे राहून कागदी कपात चहा घेत होते. कोकोसचा केक अकरालाच संपला. आजीबाईंनी दोन तुकडे घेतले, एक घरी न्यायला, आणि वेलचीला काय म्हणतात ते लिहून मागितलं.

नवऱ्याला सगळ्यात आखूड कैचीवर घेतलं होतं. ती सुरुवातीलाच कामाला येते आणि लवकर काढून टाकतात. तरी त्या अर्ध्या तासात त्याच्या खांद्यावर जे वळ उठले ते त्याने आठवडाभर कौतुकाने मिरवले. मी त्याला पंचेचाळीस अंशांच्या वेळी शोधत होते. तो तेव्हा मोकळा होता, पण बाजूला झाला नव्हता. दुसऱ्या कैचीच्या मागे, पोस्टमनच्या पाठीला हात लावून उभा होता. तोंड वर, आ वासलेलं.

दुपारी मुलांचा बांडलटान्स झाला. सोटाला वर रंगीत फिती बांधलेल्या असतात, प्रत्येकाच्या हातात एक टोक. आत-बाहेर, आत-बाहेर नाचत फितींची वेणी विणायची आणि मग उलटं नाचत उसवायची. गोव्यात शिगम्याला आणि आमच्या दक्षिण कोकणात ज्याला गोफ म्हणतात, तो हाच. एका मुलाचं पाऊल चुकलं, गाठ पडली, शिक्षिकेने कपाळाला हात लावला. गोफात असं झालं की आमच्याकडे ढोलकीवाला वाजवायचं थांबवून शिव्या घालायचा. इथे ॲकॉर्डियनवाला थांबून बिअर प्यायला लागला.

म्यूनिकच्या मराठी मित्रांनी त्या वर्षी विचारलं, महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला का नाही आलात? मी खरं काय ते सांगितलं. त्यांतली दोन कुटुंबं पुढच्या मेला गावात आली, फोटो काढले, कडेला उभी राहिली. मी त्यांना केकच्या टेबलामागे घेतलं आणि भांडी पुसायला फडकं दिलं. परदेशात राहणाऱ्या कोणी विचारलं, तर मी हेच सांगते. कॅमेरा घरी ठेवा आणि कुठलीतरी यादी शोधा. यादी असतेच.

आता २०२७ तोंडावर आलंय. झाड निवडायला मंडळाची माणसं या हिवाळ्यात रानात जातील. पहाऱ्याच्या यादीत नवऱ्याचं नाव सर्वांत वर आहे, पहाटे दोन ते पाच. थर्मास न्यायचा आहे. कोठाराच्या फाटकाला या वेळी कुलूप असणार आहे आणि त्याची किल्ली, असं ठरलंय, त्याच्याकडे द्यायची नाही.